इंजिनाच्या तापमापकाचा चंचल काटा

तालुक्याच्या ठिकाणापासून दूर वसलेल्या गावांपर्यंत शासनाच्या योजना पोहोचतात त्या बहुतांशी चाकांवरून. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, पंचायत समितीची जीप, टंचाईच्या दिवसांत वाड्यावस्त्यांना पाणी पुरविणारा टँकर, शाळेची बस ही सारी वाहने उन्हाळ्यात, घाटात आणि कच्च्या रस्त्यावर राबत असतात. त्यांच्या चालकासमोर वेगमापकाशेजारी एक लहानशी तबकडी असते. तिच्या एका टोकास थंडपणाची व दुसऱ्या टोकास उष्णतेची खूण असून, काटा मध्याच्या आसपास स्थिर असला की इंजिनाची प्रकृती ठीक आहे असे समजण्यात येते. परंतु हाच काटा कधी एकाएकी वर उडतो, पुन्हा खाली येतो, चढावर चढतो, उतारावर पार तळाला जातो. अशा वेळी चालक, मिस्त्री आणि दुरुस्तीच्या देयकावर स्वाक्षरी करणारा अधिकारी असे तिघेही संभ्रमात पडतात.

या संभ्रमातून दोन प्रकारच्या चुका घडतात. 'मीटरच खराब आहे' असे म्हणून गाडी तशीच हाकली जाते आणि एके दिवशी इंजिन जाम होते, ही पहिली. दुसरी चूक तितकी नाट्यमय नसते, पण शासकीय तिजोरीस तीच अधिक महाग पडते. इंजिनातच दोष आहे असे गृहीत धरून थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर असे एकामागून एक भाग बदलले जातात, अखेरीस हेडही उतरविण्यात येते, आणि एवढे होऊनही काटा पूर्वीसारखाच नाचत राहतो.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली एका कार्यालयाची जीप याच दुसऱ्या प्रकारातील होती. तिचा काटा अधूनमधून धोक्याच्या खुणेपर्यंत जाई. थर्मोस्टॅट बदलून झाला, वॉटर पंप बदलून झाला, हेड गॅस्केट बदलण्याचा प्रस्ताव तयार होता. त्यापूर्वी कोणीतरी चालकास सहज विचारले, "हे होते तरी केव्हा?" चालक म्हणाला, "रात्रीच होतं, साहेब. दिवसा काटा जागचा हलत नाही." रात्रीच्या थंड हवेत इंजिन अधिक तापावे हे विपरीतच होय. रात्री गाडीत वेगळे काय घडते, तर पुढचे दिवे लागतात. बॅटरी व गाडीचा सांगाडा यांस जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. दिव्यांचा प्रवाह परतताना त्या गंजलेल्या सांध्यात अडखळे, आणि त्यामुळे मीटरला मिळणाऱ्या विद्युत्‌दाबाचे गणित बिघडून काटा वर जाई. पट्टीचे दोन्ही सांधे घासून साफ केल्यावर आणि बोल्ट आवळल्यावर काटा जागेवर आला. चालकाला ते सारे ठाऊक होते. त्याला विचारले मात्र कोणी नव्हते.

काटा नेमके काय सांगतो?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी जवळजवळ एक तृतीयांश उष्णता थंडावा देणाऱ्या पाण्यात उतरते. येथे पाणी हा शब्द व्यवहारातला आहे. वास्तविक ते पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण, म्हणजे कूलंट, असावयास हवे. वॉटर पंप हे पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरवितो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट ही झडप बंद असते व पाणी रेडिएटरकडे जात नाही. झडपेतील मेण सामान्यतः ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळून फुगू लागते, झडप उघडते आणि गरम पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवते. रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नसून दाब धरून ठेवणारी झडपच असते. सुमारे ०.९ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका जादा दाब त्याने धरला, तर साधे पाणीदेखील १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांवर उकळते. झाकणाचे रबर झिजले की हा फायदा नाहीसा होतो. मग महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी, जेथे उघड्या भांड्यातील पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते, तेथे धडधाकट इंजिनही वाफा सोडू लागते. अशा वेळी रेडिएटर बदलण्याचा सल्ला मिळतो. दोष झाकणाचा असतो.

या फिरत्या पाण्यात बहुधा थर्मोस्टॅटजवळ एक सेन्सर बसविलेला असतो. जुन्या ट्रॅक्टरांवर ईथर भरलेला धातूचा फुगा व बारीक नळी यांच्या साहाय्याने चालणारे मीटर असे. पुढे विद्युत् मीटर आले. त्यांच्या सेन्सरमधील पदार्थाचा विद्युत्‌रोध उष्णतेबरोबर घटतो. रोध घटला की प्रवाह वाढतो आणि काटा उष्णतेच्या बाजूस सरकतो. म्हणजे काटा इंजिनाचे तापमान सांगत नाही. तो सांगतो सेन्सरच्या टोकाचे तापमान, आणि तेही तारा, सांधे, अर्थिंग व मीटर यांतून जे काही पोहोचेल तेवढेच. काट्याच्या प्रत्येक चमत्काराचा उलगडा या एका भेदातून होतो.

काटा किती वेळात हलला?

काटा किती हलला यापेक्षा तो किती वेळात हलला, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. एक ढोबळ हिशेब करून पाहावा. मध्यम जीपच्या इंजिनात सुमारे १० लिटर पाणी व दीडशे किलोग्रॅम लोखंड आहे असे धरू. हे सारे एका अंशाने तापविण्यास जवळपास ११० किलोजूल उष्णता लागते, तर ३० अंशांनी तापविण्यास ३,३०० किलोजूल. साठ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने चालत असता पाण्यात दर सेकंदास ४५ किलोजूलच्या आसपास उष्णता सोडते. रेडिएटरने काहीच उष्णता बाहेर टाकली नाही असे मानले तरी ३० अंशांची वाढ होण्यास एक मिनिटाहून अधिक काळ लागेल. यास्तव ज्या काट्याने पापणी लवते न लवते तोच अर्धी तबकडी ओलांडली, त्याने इंजिनाचे वर्तमान सांगितलेले नाही, तारेचे सांगितले आहे.

याउलट काही सेकंदांत, पण झटक्याने नव्हे तर सरकत, काटा वर जाऊन परत येत असेल, तर सेन्सरभोवतीचे पाणीच बदलते आहे असे समजावे. कधी त्याच्या टोकाशी वाफेचा किंवा हवेचा बुडबुडा येतो, कधी अडकून बसलेला थर्मोस्टॅट एकदम उघडून थंड पाण्याचा लोंढा आत घेतो. आणि काही मिनिटे घेऊन शांतपणे चढणारा काटा मात्र बहुधा खरेच बोलत असतो.

खाली येणारा काटा

काटा वर गेला की चालक घाबरतो व गाडी थांबवितो. वर गेलेला काटा चढावावर एकाएकी खाली आला, तर तो सुटकेचा निःश्वास टाकतो. वस्तुतः धोक्याची खरी घडी हीच असण्याचा संभव असतो. एखादा होज पाइप फुटून किंवा हळूहळू गळून पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली, की सेन्सर पाण्याऐवजी हवेत व वाफेत लोंबकळत राहतो. गरम पाणी ज्या वेगाने उष्णता देते त्या वेगाने हवा ती देऊ शकत नाही. सेन्सर निवतो, काटा उतरतो, आणि त्याच वेळी पाण्यावाचून राहिलेले हेड भाजत असते. कसारा घाटात किंवा माळशेज घाटात चढावर असे घडले आणि चालकाने खाली आलेल्या काट्यावर विश्वास ठेवून वेग वाढविला, तर पुढील दोनचार किलोमीटरांत हेड वाकते किंवा पिस्टन धरतात. गाडीत बाळंतपणासाठी नेली जाणारी स्त्री असेल तर या बिघाडाची किंमत रुपयांत सांगता येत नाही.

म्हणून निदानाचा आरंभ कोणत्याही उपकरणाने न करता पाण्याची पातळी पाहून करावा, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब एकदम सुटताच ११० अंशांवरचे पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर उसळते, आणि या अपघातात भाजलेले मिस्त्री व चालक बहुतेक गॅरेजांत भेटतात. निदान अर्धा तास थांबावे. वरचा होज हाताला सोसवेल इतका निवल्यावर जाड फडके टाकून झाकण आधी अर्धवट फिरवावे. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतणे हीही तशीच घातक सवय होय. लोखंडाचे असो वा ॲल्युमिनियमचे, हेड त्याने तडकते.

नुकतेच पाणी बदलले असेल किंवा होज काढून पुन्हा बसविला असेल, तर आत हवा धरलेली असते. ती काढण्यासाठी गाडीचे तोंड चढाच्या बाजूस ठेवून, इंजिन थंड असताना झाकण काढून चालू करावे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवावे आणि पातळी उतरेल तसे कूलंट घालत जावे. काही इंजिनांवर हवा सोडण्यासाठी वेगळा स्क्रू असतो, तो सोडवावा. 'कालच सर्व्हिसिंग झाले आणि आज काटा नाचतो' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते.

तारांची परीक्षा

पातळी बरोबर आहे आणि काटा झटक्याने हलतो, असे आढळल्यास विद्युत् बाजूकडे वळावे. आधी केवळ निरीक्षण करावे. हॉर्न, दिवे, ब्रेकचा दिवा किंवा इंडिकेटर यांच्या तालावर काटा हलतो काय? तसे असल्यास अर्थिंग संशयास्पद आहे. इंधनाचा काटाही सोबतच बहकतो काय? जुन्या अनेक गाड्यांत दोन्ही मीटरांना सुमारे १० व्होल्ट स्थिर दाब पुरविणारा एकच छोटा नियामक असतो. दोन काटे एकदम बिघडले तर दोन मीटर बदलण्यापूर्वी त्या एका नियामकाकडे पाहावे. खड्ड्यात गाडी आदळली की काटा उडतो काय? मग सेन्सरचा जोड सैल आहे, किंवा तारेचे आवरण कोठेतरी धातूवर घासून उघडे पडले आहे.

एकच तार असलेल्या जुन्या पद्धतीच्या सेन्सरची चाचणी सोपी आहे. चावी चालू ठेवून सेन्सरवरील तार काढावी. काटा थंडाच्या टोकास गेला पाहिजे. तीच तार इंजिनाच्या स्वच्छ धातूस क्षणभर टेकवावी. काटा उष्णतेच्या टोकाकडे निघाला पाहिजे. तो निघताच तार उचलावी, अन्यथा मीटर जळण्याचा संभव असतो. दोन्ही गोष्टी घडल्या तर तार व मीटर निर्दोष असून दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या बैठकीत आहे. सेन्सर बसविताना आट्यांवर पांढरी सीलिंग टेप भरमसाट गुंडाळली असेल, तर एकतारी सेन्सरची अर्थिंगच तुटते. त्यामुळे नवा सेन्सर टाकूनही काटा तळाशी पडून राहतो, आणि 'नवा सेन्सरही खराब निघाला' असा निष्कर्ष निघतो.

ही चाचणी संगणकीय नियंत्रण असलेल्या नव्या गाड्यांवर मुळीच करू नये. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ या प्रदूषणमानकाच्या गाड्यांत, आणि त्यापूर्वीच्याही अनेकांत, सेन्सर आपली माहिती प्रथम नियंत्रक संगणकास देतो. फलकावरील काटा किंवा पट्ट्या त्या संगणकाच्या सांगण्यावरून हलतात. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून अनेक उत्पादक काटा असा बसवितात, की साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत तो मध्यावरच खिळून राहतो. हा उपकार आहे की अपकार, याविषयी मतभेद होऊ शकेल. प्रस्तुत लेखकास तो अपकार वाटतो, कारण असा काटा हलला तेव्हा बरेच काही घडून गेलेले असते. या गाड्यांत खरे तापमान पाहण्यासाठी स्टिअरिंगखालील जोडणीला स्कॅनर लावावा लागतो. साधा स्कॅनर आता लहान गॅरेजांतही आढळतो. सेन्सरची तार तुटल्यास अशा गाड्यांत फॅन बहुधा अखंड चालू राहतो व धोक्याचा दिवा लागतो. तेवढ्यावरून रेडिएटर बदलावयाचा नसतो.

खरोखर तापणारे इंजिन

काटा सावकाश चढतो व खरा आहे असे ठरल्यावर, तो केव्हा चढतो हे विचारावे. गाडी उभी असताना चढतो व वेग घेतल्यावर उतरतो, तर वाऱ्याचा प्रश्न आहे: सैल फॅन बेल्ट, बंद पडलेला विजेचा फॅन, किंवा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल, गवताचे कुसळ व कापसाचा पिंजर. विदर्भात कापसाच्या हंगामात हा शेवटचा प्रकार नित्याचा असतो. उलट उभ्या गाडीत काटा ठीक, परंतु वेगात व चढावर तापतो, तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे. खालचा होज आतून मऊ पडून पंपाच्या ओढीने चिमटत असेल, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल, किंवा रेडिएटरच्या नळ्या क्षाराने भरल्या असतील. विहिरीच्या व बोअरच्या जड पाण्याने न्हाणीघरातील बंबाच्या आत जसा पांढरा थर बसतो तसाच तो येथेही बसतो, आणि सेन्सरच्या टोकावर बसल्यास काटाही मंद व आळशी होतो. 'आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?' या प्रश्नाचे उत्तर या थरात आहे. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये व योग्य प्रमाणात मिसळलेले क्षारविरहित पाणी यांमुळे नळ्या मोकळ्या राहतात; गोठणबिंदू खाली जातो हा आपल्यापुरता दुय्यम लाभ.

उष्ण जिल्ह्यांत 'थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील' असा सल्ला सर्रास दिला जातो. थर्मोस्टॅट नसलेल्या किंवा उघडाच अडकलेल्या गाडीचा काटा गावात मध्याकडे येतो, मोकळ्या रस्त्यावर वा लांब उतारावर तळाला जातो. तो पाहून समाधान मानू नये. थंड इंजिन अधिक डिझेल खाते, त्याच्या तेलात ओलावा व अर्धवट जळलेले इंधन साठते व सिलिंडर लवकर झिजतात. थर्मोस्टॅटची परीक्षा करणे तर शाळेच्या प्रयोगशाळेतही शक्य आहे. तो दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात, तळाला न टेकेल असा, टांगावा. शेजारी ११० अंशांपर्यंतचा तापमापक धरावा आणि पाणी तापवीत झडप उघडण्याचा क्षण टिपावा. उघडण्याचे तापमान बहुधा त्याच्यावरच कोरलेले असते. विज्ञान शिक्षकांनी प्रसरणाचा पाठ शिकविताना हा प्रयोग अवश्य करावा. मुले तो विसरत नाहीत.

हेड गॅस्केटचा संशय शेवटी घ्यावा, पण घेतला तर पक्का करावा. थंड इंजिन सुरू करताच दोनतीन मिनिटांत होज दगडासारखे कडक होणे, उघड्या रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे, तेलाचा रंग चहासारखा दुधाळ होणे, धुराड्यातून गोडसर वासाची पांढरी वाफ येत राहणे, ही त्याची लक्षणे होत. यांपैकी एकही नसताना केवळ काटा नाचतो म्हणून हेड उतरविण्याचा प्रस्ताव आला, तर अधिकाऱ्याने तो परत पाठविण्यास संकोच करू नये.

काट्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरविण्यासाठी दुरून उष्णता मोजणारी बंदूक उपयोगी पडते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०२० च्या साथीत ग्रामपंचायतींनी व शाळांनी घेतलेली कपाळाचा ताप मोजणारी उपकरणे अनेक कपाटांत पडून आहेत. ती या कामास निरुपयोगी आहेत, कारण ४३ अंशांच्या आसपासच त्यांची मर्यादा संपते. कारखान्यात वापरतात तशी बंदूक हवी, आणि ती चकाकत्या धातूवर न रोखता काळ्या होजवर किंवा रंगविलेल्या थर्मोस्टॅटच्या घरावर रोखावी, कारण चकाकता धातू आपले तापमान कमी दाखवितो.

वाहनाच्या लॉगबुकात किलोमीटर व डिझेल यांच्या नोंदी असतात. रेडिएटरमध्ये घातलेल्या पाण्याची नोंद सहसा नसते. ती चालकाने दिनांकासह व किती लिटर, अशी लिहावी. काटा हलला असेल तर चढ होता की उतार, दिवे चालू होते की बंद, हेही एका ओळीत टिपावे. बंदिस्त शीतन व्यवस्थेत पाणी वारंवार घालावे लागत नाही. दर आठवड्यास अर्धा लिटर पाणी लागत असेल आणि बाहेर कोठेही ओल दिसत नसेल, तर ते पाणी सिलिंडरमध्ये जात असण्याचा संभव असतो, आणि हेड गॅस्केटची तपासणी काटा हलण्यापूर्वीच करून घेता येते.